सोमवारचे नर

स्लाइडबाईचा हात हलत नाही, हे त्या प्रयोगशाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. तिळाच्या निम्म्या आकाराची चावरी चिलटं घ्यायची, सुईने त्यांचे भाग सोडवायचे आणि काचेच्या पट्टीवर कायमचे बसवायचे. डोकं एकीकडे, पंख एकीकडे, शेपटाचं टोक एकीकडे. जोरात श्वास सोडला तर दिवसभराची मेहनत टेबलाखाली जाईल असलं हे काम. बाई शिंक आली तरी ती डब्यात घालून घरी नेते आणि तिथे शिंकते, असं पिंजरेकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पिंजरेकाका म्हणजे जिवंत चिलटं सांभाळणारे. तळ्याकाठचा चिखल आणायचा, त्यातले कोष वेचायचे, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे आणि माद्या बाहेर आल्या की तिसऱ्या दिवशी आपला उघडा हात जाळीला लावून बसायचं. रक्त फक्त माद्या पितात. नर बिचारे साखरपाण्यावर जगतात. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल ठिपक्यांनी भरलेले. माझ्याइतकी पोरं कुणी दूध पाजून वाढवली नसतील, असं ते म्हणत, आणि खाजवत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ही चिलटं मेंढ्यांना एक वाईट रोग लावतात. जीभ सुजते, मेंढी खाणं सोडते, कळपच्या कळप बसतो. कुठली जात रोग पसरवते हे कळायला ती जात पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवता यायला हवी. आणि तिथेच घोडं अडलं होतं. दोन वर्षं झाली, पिंजऱ्यातल्या माद्या अंडी घालत होत्या, पण त्यातलं एकही फुटत नव्हतं. दर वेळी नवा चिखल, नवे कोष, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तो गुरुवार होता. साहेबांनी बाईला बोलावलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण एकदा मत झालं की झालं. टेबलावर साठ स्लाइड्सचा ट्रे होता. त्यातल्या बहुतेकींवर लाल शाईत एकच शब्द होता: ‘उलटी’. अक्षर बाईचं, हुकूम साहेबांचा.

हे उलटं-सुलटं काय, तेही सांगितलं पाहिजे. नर चिलटाच्या शेपटाच्या टोकाला दोन आकडे असतात, मादीला धरून ठेवायला. आकड्यांच्या मधे एक बारीक कमान असते. या आकड्यांवरून आणि कमानीवरूनच जात ओळखतात, बाकी अंगावरून सगळी चिलटं भावंडं दिसतात. टोक कापून, पोटाची बाजू वर करून बसवलं, की कमान वरच्या अंगाला दिसायला हवी. या स्लाइड्समध्ये ती खाली दडलेली होती, नाहीतर मधेच कुठेतरी आडवी.

“बाई, बावीस वर्षांत तुमच्या हातून असं झालं नव्हतं,” साहेब म्हणाले.

“आताही झालेलं नाही, साहेब. मी बरोबरच बसवते.”

“मग हे काय आहे?” त्यांनी ट्रे पुढे सरकवला. “तळ्यावरून जाळ्यात पकडून आणायचो, तेव्हाचे नर बघा. सगळे सरळ. दोन वर्षांत बिघडलं. आणि गंमत सांगू? सोमवारच्या स्लाइड्स सरळ आहेत. म्हणजे रविवारी आराम झाला की हात चालतो, मंगळवारपासून थकतो. वयाचा परिणाम आहे, यात लाजण्यासारखं काही नाही.”

मग त्यांनी कागद दिला. एक तारखेपासून स्लाइडबाईने स्टोअर सांभाळायचं. बाटल्या, बोळे, हातमोजे. तिच्या टेबलावर दुसरं कुणीतरी येणार होतं. एक तारीख म्हणजे पुढच्याच्या पुढचा सोमवार. हातात अकरा दिवस.

बाईने कागद घडी करून घेतला. टेबलाशी परत आली, सूक्ष्मदर्शकावर काळं कव्हर घातलं आणि ते कव्हर नीट करत उगीचच उभी राहिली. लाज वाटत होती असं नाही. संताप आला होता. हात थकला असता तर तिलाच पहिल्यांदा कळलं असतं. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर बाई ऐकून घेई, पण या टेबलावरचं बोलणं तिने आजवर कुणाचंच ऐकलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. आता निवृत्त, पण आवाज अजून वॉर्डाचाच. सून आली की पहिलं वाक्य ठरलेलं: “आली दातदुखी.” कारण बाईच्या बोटांना कायम लवंगेच्या तेलाचा वास. स्लाइड करताना चिलट त्या तेलातून काढावं लागतं.

आज सून हसली नाही, तेव्हा सासूबाईंनी मटाराचं ताट बाजूला ठेवलं. “काय झालं गं? कुणी काही बोललं का?”

बाईने सगळं सांगितलं. उलटे नर, सोमवार, स्टोअर. मग उठून पाणी प्यायली.

“उलटं म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं. “किती महिन्यांचं?”

“आई, चिलट आहे ते. बाळ नाही.”

“अगं तेच विचारतेय. किती दिवसांचं होतं ते? सातव्या महिन्यात कितीतरी बाळं डोकं वर करून बसलेली असतात. नवे डॉक्टर घाबरून लिहायचे, उलटं आहे, उलटं आहे. मी म्हणायची, आधी महिना लिहा. वेळ झाली की ते आपलं आपण फिरतं. वय बघितल्याशिवाय मी कुणाला उलटं म्हटलं नाही.”

बाईने पेला खाली ठेवला. मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

“माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मटार सोल,” सासूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली आणि थेट पिंजऱ्यांच्या खोलीत गेली. भिंतीवर साहेबांच्या सुवाच्य अक्षरात वेळापत्रक चिकटवलेलं होतं. सकाळी सात: कोष फुटू लागतात. दुपारी: साखरपाण्याचा बोळा. सायंकाळी पाच: नर काढणे. खाली रेघ मारून: रविवारी खोली बंद.

“काका, पाचलाच का काढता नर?”

“पाचला किल्ली जमा करायची असते म्हणून.” काका काचनळीने एक चिलट ओढून घेत म्हणाले. “नर चावत नाही, रक्त पीत नाही, पिंजऱ्यात नुसती गर्दी. दिवसभर माद्यांबरोबर असतातच की. जमायचं असलं तर तेवढ्यात जमेल, असा साहेबांचा हिशेब. काढले की लगेच स्पिरिटमध्ये टाकून तुमच्याकडे पाठवायचे.”

“आणि रविवारी जन्मलेले?”

“ते सोमवारी सकाळी निघतात. रविवारी कोण येतंय इथे?”

बाईने बोटांवर तास मोजले. मंगळवार ते शनिवार तिच्या टेबलावर येणारे नर फार तर दहा तासांचे असायचे. सोमवारचे मात्र पूर्ण दिवसाचे, त्याहूनही थोडे मोठे. आणि तळ्यावरचे जुने नर तर आपापलं आयुष्य जगून आलेले बाप्ये. सरळ स्लाइड्स फक्त मोठ्यांच्या होत्या. साहेबांनी तिचं वय काढलं होतं. चिलटांचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनेही नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिला टोचली. बावीस वर्षं ती पहिल्यांदा शेपटाचं टोक कापायची आणि मग बसवायची. टोक एकदा सुटं झालं की ते धडावर कसं होतं हे कुणी सांगू शकत नाही. पुरावा ती स्वतःच्या हाताने कापून टाकत होती.

“काका, आज मला थोडे नर द्या. थोड्या थोड्या वेळाने. आणि बाकीचे पाच वाजता काढू नका.”

काकांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. “माझी नोकरी घालवता का?”

“माझी गेलीच आहे. तुम्हाला सोबत.”

काकांनी कोपर खाजवलं. “पिंजरा माझ्या ताब्यात आहे,” ते शेवटी म्हणाले. “आणि आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी संध्याकाळी हाकलून देणं मला तसंही बरं वाटत नव्हतं. राहू देत.”

दोन तासांचा नर, चार तासांचा, सात तासांचा, दहा तासांचा. बाईने एकाचंही टोक कापलं नाही. अख्खं पोट टोकासकट काढलं, पोटॅशमध्ये गरम करून पारदर्शक केलं, तेलातून नेलं, बसवलं. शनिवारी सकाळी त्याच पिंजऱ्यातला, शुक्रवारीच जन्मलेला, दिवस उलटलेला नर घेतला. पाचही एका काचपट्टीवर ओळीने लावले आणि मग डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला.

पहिल्याचं पोट सरळ, टोकही सरळ. म्हणजेच पुस्तकाच्या हिशेबाने उलटं. दुसऱ्यात टोक जरा कललेलं. तिसऱ्यात पोटाच्या शेवटच्या दोन कड्यांना पीळ पडलेला, आकडे कुशीवर. चौथ्यात अर्ध्या फेऱ्याची पाऊण वाट झालेली. पाचव्यात आकडे अर्धा फेरा पूर्ण करून आले होते आणि कमान वरच्या अंगाला होती, जिथे असायला हवी तिथे. बाटलीचं झाकण फिरवावं तसं चिलट आपलं शेपूट फिरवून घेत होतं, कोषातून बाहेर आल्यावर, एका दिवसात. फिरल्याशिवाय ते आकडे मादीला धरूच शकत नाहीत. जन्मतः नर असतो तो नावाचाच.

बाई एकटीच होती म्हणून बरं. तिने टेबलावर चापट मारली, इतकी जोरात की ट्रे खडखडला. “माझा हात चांगला आहे,” ती मोठ्याने म्हणाली. मग डोक्यात पुढचं आलं. हे नर जर पहिल्या दिवशी काहीच करू शकत नसतील, आणि पहिल्याच संध्याकाळी बाहेर निघत असतील, तर अंडी फुटणार कशी?

साहेबांकडे लगेच धावत जायचा मोह झाला. पण साहेबांना ती ओळखून होती. ओळ दाखवली तर म्हणतील, योगायोग. तिला भरलेली मादी हवी होती.

“आज संध्याकाळपर्यंत नर मोठे झालेले असतील,” तिने काकांना सांगितलं. “पण पिंजऱ्यात त्यांचं जमेल का?”

काकांनी पहिल्यांदाच खुर्ची ओढून घेतली. चिखल आणायला ते किती वर्षं तळ्यावर जात होते. “तिथे दिवस मावळताना नर थव्याने नाचतात,” ते म्हणाले. “कुठेही नाही. एखादा काळा खुंट, काळा दगड बघतात आणि त्याच्यावर हवेत उभे राहतात. उजेड हळूहळू उतरावा लागतो. इथे काय? बटण दाबलं की भर दिवसाची काळोखी रात्र. अशाने कुणाला नाचावंसं वाटेल?”

म्हणजे रविवारचे नरही सुटले नव्हते. त्यांच्या पहिल्या संध्याकाळी ते कच्चे, आणि दुसरी संध्याकाळ त्यांच्या नशिबात नव्हतीच. सोमवारी सकाळी पकडून बाईकडे.

दोघांनी पिंजरा उचलून मावळतीच्या खिडकीशी नेला. चार वाजताच ट्यूबलाइट बंद केली. बाईने सूक्ष्मदर्शकाचं काळं कव्हर काढलं, घडी घालून चौकोन केला आणि पिंजऱ्याखाली सरकवला. मग दोघं स्टुलावर बसून राहिली. साडेपाच झाले. काही नाही. नर जाळीला चिकटून बसलेले, माद्या कोपऱ्यात. सहा झाले. समोरच्या इमारतीच्या गच्चीआड ऊन गेलं.

“काका, हे झोपले वाटतं.”

“दम धरा.”

सहा वाजून दहा मिनिटांनी एक नर उठला. काळ्या चौकोनाच्या बरोबर वर, वितभर उंचीवर, हवेत थांबला. मग दुसरा. मग पाच-सहा. बघता बघता सगळे उठले, वर-खाली, वर-खाली, एकाच जागेवर, आणि इतका वेळ गप्प असलेल्या पिंजऱ्यातून बारीक सूर निघायला लागला. नरांच्या मिशांना पिसं असतात, मादीच्या पंखांचा आवाज ते त्या पिसांनी ऐकतात. कोपऱ्यातून एक मादी थव्यात शिरली. क्षणात एका नराने तिला धरलं, आणि दोघं शेपटाला शेपूट लावून काळ्या कापडावर पडली. मग दुसरी जोडी. मग तिसरी.

बाई वाकून घड्याळ बघत होती, एक जोडी किती वेळ राहते ते. काकांनी घसा साफ केला आणि उठून उभे राहिले.

“काय झालं?”

“काही नाही. मी जरा बाहेर थांबतो. तुमच्याबरोबर बसून हे बघायचं म्हणजे मला कसंतरीच होतंय, बाई.”

बाईला इतकं हसू आलं की तिने तोंडावर हात दाबला. पिंजऱ्यावर श्वास जायला नको होता.

सोमवारी साहेब दहाला आले, तेव्हा त्यांच्या दारात बाई उभी होती. “पाच मिनिटं, साहेब. माझ्या टेबलावर.”

“बाई, स्टोअरचं ठरलेलं आहे.”

“ते मला माहीत आहे. पाच मिनिटं.”

साहेब आले. उभ्यानेच वाकून ओळ पाहिली. पुन्हा पाहिली. मग स्टूल ओढलं आणि बसले.

“हे पाच वेगळ्या जातींचे आहेत?”

“एकाच जातीचे. एकाच पिंजऱ्यातले, एकाच सकाळी जन्मलेले. दोन तास, चार, सात, दहा, आणि शेवटचा एका दिवसाचा. टोकं कापलेली नाहीत, साहेब. पोट बघा आणि मग टोक बघा.”

साहेबांनी काचपट्टी सरकवत पाच वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. त्यांचे कान लाल झाले होते. “पीळ आहे,” ते म्हणाले. “धडात पीळ आहे.”

“हो.”

“मग हे नर उलटे नव्हते.”

“लहान होते,” बाई म्हणाली. “आणि आपण त्यांना संध्याकाळी पाचला बाहेर काढत होतो.”

तिने शनिवारच्या पिंजऱ्यातली एक मादी घेतली. मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात मादी, दोन सुया. एका सुईने धड धरलं, दुसरीने शेपटाचं टोक अलगद ओढलं. साहेब जवळून बघत होते, आणि बाईचा हात सुरीने लोणी कापावं तसा शांत चालला होता. थेंबात दोन तपकिरी गोळे तरंगत आले. मादीच्या पोटातल्या या पिशव्या. नराचं बीज एकदा मिळालं की ती आयुष्यभर इथे साठवून ठेवते आणि अंडी घालताना थोडं थोडं वापरते. दोन वर्षांत बाईने अशा शंभरावर पिशव्या फोडल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

तिने वर काच ठेवली आणि सुईच्या टोकाने हलका दाब दिला. पिशवी तडकली. तिने स्वतः पाहिलं नाही. स्टूल मागे सरकवलं.

“बघा.”

साहेबांनी डोळा लावला. काका दाराशी हात खाजवायचे विसरून उभे होते.

“वळवळतंय,” साहेब शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम एखाद्या विद्यार्थ्यासारखा झाला. “केसांच्या गुंत्यासारखं बाहेर येतंय. बाई, भरलेली आहे. भरलेली आहे ही.”

“दुसरीही बघू या,” बाई म्हणाली. सहा माद्या उघडल्या; पाच भरलेल्या निघाल्या.

साहेब उठले, पिंजऱ्यांच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचं स्वतःच्या अक्षरातलं वेळापत्रक ओढून काढलं. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही आला. परत येऊन त्यांनी साठ स्लाइड्सचा ट्रे समोर घेतला आणि म्हणाले, “ब्लेड द्या. हे लाल शब्द मी खरवडतो. चूक माझी होती, बाई. मी तुमच्या हाताला नावं ठेवली.”

एवढं स्पष्ट बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. मग तिने ट्रेवर हात ठेवला.

“खरवडू नका. ते राहू द्या. त्याच्याखाली वय लिहा. काकांच्या वहीत कोष फुटल्याच्या वेळा आहेत, मी वाचून सांगते.”

मग दुपारपर्यंत ती वही वाचत राहिली आणि प्रयोगशाळेचे प्रमुख लिहीत राहिले. नऊ तास. आठ तास. दहा तास. लिहून त्यांच्या बोटाला शाई लागली. स्टोअरच्या कागदाचं त्यांनी काय केलं ते बाईने विचारलं नाही. संध्याकाळी तो त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत चार तुकड्यांत काकांना दिसला, आणि काकांना दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं.

काकांनी त्याच दिवशी हात जाळीला लावला. “आज जरा जास्त प्या,” ते माद्यांना म्हणाले, “दोन जिवांचं खायचं आहे.” गुरुवारी ओल्या कापसावर अंडी आली, बारीक काळ्या काड्यांसारखी. घरी सासूबाई रोज विचारायच्या, “किती दिवस झाले?” आणि बोटांवर मोजायच्या, जणू वॉर्डात दाखल झालेलीच कुणी होती.

एक तारीख उजाडली. सोमवारच होता. स्टोअरमध्ये दुसरंच कुणीतरी बाटल्या लावत होतं. बाई आपल्या टेबलावर बसून सुया पुसत होती, तेवढ्यात काका ओला कापूस बशीत घेऊन आले. धावत यायचं वय नव्हतं, तरी धावतच आले. बोलता येईना, म्हणून बशी नुसतीच तिच्यासमोर ठेवली.

बातमी त्यांच्या चपलांच्या आवाजानेच पसरली असावी. साहेब पाठोपाठ आले. बाईने बशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. साहेब तिच्या खांद्यामागून वाकत होते, एकदा या बाजूने, एकदा त्या.

“फुटली का? बाई, जरा मला बघू द्या.”

“थांबा, साहेब,” स्लाइडबाई डोळा न काढता म्हणाली. “आधी मी बघते.”

आणि साहेब तिच्या टेबलाशी थांबले, तिचं बघून होईपर्यंत. खाली पाण्यात पांढऱ्या धाग्याएवढ्या अळ्या सळसळत होत्या, आणि तिने त्या अजिबात घाई न करता, एकेक करून, सगळ्या पाहिल्या.